माफीच्या साक्षीदाराची कादंबरी

फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनच्या रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने १८३९ साली तीन खंडांत काढली. राणी व्हिक्टोरिया गादीवर येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. प्रेम, फसवणूक आणि पुढे काय होणार याची धाकधूक यांवर त्या राजवटीतले जे कादंबरीलेखन पोसले, त्याच्या आरंभीच्या पुस्तकांत हिची गणना करावी लागते. नायक अमीर अली हा ठग. तुरुंगात बसून तो एका ‘साहेबा’ला आपली जन्मकथा ऐकवतो. कथा माळव्यापासून हैदराबादपर्यंत हिंडते, लेखक निजामाच्या फौजेतला आणि पुस्तक छापले गेले लंडनला. तरी या कादंबरीचे मूळ शोधायचे तर जबलपूरला जावे लागते. तिथल्या कचेरीत १८३० नंतर माफीच्या साक्षीदारांनी ज्या जबान्या दिल्या, त्या या कादंबरीचा कच्चा माल आहेत. तिचा घाटही जबानीचाच आहे.

जबलपूर आणि नर्मदाकाठचा मुलूख आधी गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा होता. मग तो काही वर्षे सागरच्या मराठी सुभ्यात गेला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्याच महिन्यात इंग्रज फौज जबलपुरात शिरली आणि १८२० मध्ये ‘सागर व नर्मदा प्रांत’ अशी वेगळी व्यवस्था लागली. सुभ्याबरोबर आलेली मराठी घराणी त्या भागात राहिली, अंमल मात्र बदलला. मिर्झापूरकडून नागपूर आणि पुढे दक्षिणेत जाणारा मोठा रस्ता जबलपूरवरून जात असे. रजेवर घरी निघालेले शिपाई, काशीचे यात्रेकरू, कापसाचे व्यापारी आणि सावकारांची रोकड वाहणारे हरकारे हे या रस्त्याचे नेहमीचे वाटसरू. त्यांतला एखादा घरी पोहोचला नाही तर घरच्यांना ते कळायला महिने लागत. कळल्यावर दाद मागायची तर चार संस्थानांच्या हद्दी आड येत. ठगांच्या धंद्याला यापेक्षा सोयीची परिस्थिती मिळणे कठीण होते.

विल्यम हेन्री स्लीमन हा कॉर्नवॉलचा. १७८८ चा जन्म, १८०९ पासून बंगालच्या फौजेत, १८२० मध्ये मुलकी कामावर याच प्रांतात. १८२२ पासून दोनेक वर्षे तो नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. आपल्या जिल्ह्यात साधी चोरीसुद्धा आपल्या नजरेतून सुटत नाही, असा त्याचा तेव्हा समज होता. पुढे उघड झाले, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती. हे तेव्हा कुणी सांगितले असते तर त्याला आपण वेडाच ठरवले असते, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. १८२८ मध्ये तो जबलपूरला आला. त्याच वर्षी त्याला शहराजवळच्या बडा शिमला टेकडीवर मोठी अश्मीभूत हाडे सापडली; ती डायनोसॉरची होती हे बऱ्याच उशिरा ठरले. पुरलेल्या गोष्टी उकरण्याची त्याला हौसच होती म्हणायची.

ठगांचे खटले उभे राहण्यात मोठी अडचण होती ती साक्षीची. फिर्यादी गळा आवळून मारलेला आणि पुरलेला. पाहणारे सगळे टोळीतले. त्यामुळे स्लीमनने आणि सागरचा गव्हर्नर जनरलचा एजंट एफ. सी. स्मिथ याने सारी मदार माफीच्या साक्षीदारांवर ठेवली. पकडलेल्या ठगाला फाशी टळण्याची आशा दाखवायची, त्याने साथीदारांची नावे, पुरण्याच्या जागा आणि स्वाऱ्यांचा तपशील द्यायचा, मग दुसऱ्या तुरुंगातल्या दुसऱ्या साक्षीदाराकडून तोच तपशील ताडून घ्यायचा, अशी ही रीत होती. ज्या ठिकाणी प्रेते पुरत त्याला ठगांच्या बोलीत ‘बेले’ म्हणत. अवधच्या सुमारे १,४०० मैल रस्त्यांवर अशी २७४ ठिकाणे नकाशावर नोंदली गेली. टोळ्यांच्या वंशावळीही काढल्या गेल्या. आज पोलीस जिला गुन्हेगारांची माहितीपेढी म्हणतात, तिचा एक आरंभीचा मोठा प्रयोग जबलपुरात झाला.

या साक्षीदारांतला सर्वांत गाजलेला फिरंगिया. ठगांच्या टोळीचा हा जमादार १८३० च्या अखेरीस हाती लागला. त्याच्या नावाची गोष्ट त्यानेच सांगितली: शिंद्यांच्या नोकरीतला फ्रेंच सरदार पेराँ याच्या पलटणींनी गावावर हल्ला केला, त्या धामधुमीत आईने त्याला जन्म दिला, म्हणून फिरंगिया. पकडला गेल्यावर त्याने स्लीमनला सलोहदा येथील आमराईत नेले. तिथे स्लीमनचा तंबू पडला होता आणि त्याची पत्नी अमेलीही बरोबर होती. दोघांचे लग्न १८२९ मध्ये जबलपुरातच झाले होते. फिरंगियाने जागा दाखवल्या, जमीन खणली गेली आणि तंबूच्या आसपासच प्रेते निघाली. कुठल्याही कादंबरीकाराला मोह व्हावा असा हा प्रसंग सरकारी दप्तरातला आहे.

१८३६ मध्ये स्लीमनने कलकत्त्याला ‘रामसीआना’ हे पुस्तक छापले. नाव पडले ते ठगांच्या ‘रामसी’ या गुप्त बोलीवरून. त्यात त्या बोलीचा कोश आहे आणि साक्षीदारांशी झालेल्या लांबलचक प्रश्नोत्तरांची टिपणे आहेत. वाटसरूला ठग ‘बनिज’ म्हणत, म्हणजे व्यापाराचा माल. मराठीतले ‘वाणिज्य’ त्याच कुळातले. गोड बोलून वाटसरूला जाळ्यात ओढणारा तो ‘सोठा’, गळा आवळणारा ‘भुरतोट’, त्या वेळी हात धरून ठेवणारा ‘शमसिया’ आणि खड्डा खणणारा ‘लुघा’. गळ्याभोवती रुमाल टाकण्याच्या इशाऱ्याला ‘झिरनी’ म्हणत. तंबाखू आणण्याचा साधा हुकूमही झिरनी ठरे. वेरूळच्या लेण्यांत ठगांच्या धंद्याची सगळी कामे कोरलेली आहेत, असेही साक्षीदारांनी स्लीमनला सांगितले. वेरूळला गेलेल्या कुणालाही तिथे असे काही दिसत नाही. साक्षीदार विचारणाऱ्याला काय काय ऐकवू शकत होते, याचा मात्र हा चांगला नमुना आहे. दक्षिणेत ठगांना ‘फासीगार’ म्हणत. ‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’ म्हणजे झाकणे, लपवणे या धातूपर्यंत नेतात. मराठीत त्याचेच ‘ठक’ झाले. ठकवणे म्हटले की मराठी माणसाला खून आठवत नाही, फसगत आठवते. टेलरच्या कादंबरीतही खुनापेक्षा फसगतच जास्त जागा व्यापते.

टेलर जबलपूरच्या कचेरीतला नव्हता. त्याचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, तो मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीत काम करायला आला. पेढी बुडीत निघालेली होती. वशिल्याने त्याला त्याच वर्षी निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि पुढची पस्तीसेक वर्षे दख्खनमध्ये गेली. कंपनीच्या सनदी नोकरीबाहेरचा हा माणूस कायम थोडा दुय्यम दर्जाचा राहिला. भाषा शिकणे, गावोगाव हिंडणे आणि लोकांशी बोलणे हेच त्याचे भांडवल. लग्न त्याने हैदराबादचा सावकार विल्यम पामर याच्या मुलीशी केले. हा पामर पुण्याच्या पेशवे दरबारात रेसिडेंट राहिलेल्या जनरल पामरचा मुगल घराण्यातील पत्नीपासून झालेला मुलगा. म्हणजे टेलरचे सासर अर्धे हिंदुस्तानी होते. त्याच्या कादंबऱ्यांतल्या जनानखान्यांना आणि मेजवान्यांना जो घरगुती वास आहे, तो पुस्तकांतून आलेला नाही.

ठगांशी त्याचा संबंध दोनदा आला. तरुणपणी तो तुळजापूरच्या बाजूला पोलीस कामावर असताना रस्त्यालगत प्रेते सापडल्याची प्रकरणे त्याच्यापर्यंत आली. छडा लावण्याआधीच त्याला पलटणीत परत बोलावले गेले. ती बदली झाली नसती तर ठगीचा शोध लावण्याचा मान आपल्याला मिळाला असता, अशी हळहळ त्याने आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. स्लीमनचे नाव जगभर झाल्यावर लिहिलेली ही हळहळ थोडी वजा करूनच घ्यावी. दुसऱ्यांदा, १८३२ च्या सुमारास, जबलपूरहून सुरू झालेली मोहीम हैदराबादपर्यंत पोहोचली आणि माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्याचे काम टेलरच्या वाट्याला आले. पुढे आजारपणात त्याने त्यांची कादंबरी केली आणि रजेवर मायदेशी गेल्यावर ती छापली. बेंटलीकडून येणारी छापील पाने राणी व्हिक्टोरिया पुस्तक बाहेर पडण्याआधीच मागवून घेत होती, असे टेलरने लिहिले आहे.

कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने ठगीविरोधी मोहिमेतल्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मिळालेले आकडे दिले आहेत. १८३१ ते १८३७ या काळात ४१२ ठगांना फाशी झाली, १,०५९ जणांना काळ्या पाण्यावर पाठवले आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. सगळे मिळून ३,२६६ जणांचा हिशेब. कादंबरीच्या दाराशी सरकारी तक्ता टांगण्याचा हेतू उघड आहे. आत जे येणार ते मनचे नाही, असा भरवसा वाचकाला द्यायचा.

कथानक असे. माळव्यातला एक सधन मुसलमान कुटुंबासह इंदूरला निघतो. वाटेत गाठ पडलेले सज्जन दिसणारे सोबती ठग निघतात. आई-बाप मारले जातात. इस्माईल नावाचा ठग लहानग्या अमीर अलीला उचलून नेतो आणि पोटच्या मुलासारखा वाढवतो. मुलगा मोठा झाल्यावर त्याला धंद्याची दीक्षा मिळते. मागचे सगळे तो विसरलेला असतो. पहिल्या मोठ्या स्वारीत टोळी वऱ्हाडातून हैदराबादकडे उतरते. अमरावती, मंगरूळ, वाशीम, उमरखेड ही मराठी वाचकाच्या ओळखीची गावे या प्रवासात येतात. उमरखेडला झोरा ही नर्तकी भेटते. हैदराबादला म्हाताऱ्या, जुलमी नवऱ्याच्या घरात पिचणारी अझीमा भेटते. तिला अमीर अली पळवून नेऊन लग्न करतो आणि आपण व्यापारी असल्याचे भासवत वर्षानुवर्षे संसार करतो. पुढे चित्तूच्या पेंढाऱ्यांबरोबर लुटालूट होते. जालौनचा राजा आधी ठगांना आश्रय देतो आणि मग उलटतो. इस्माईलला हत्तीच्या पायी दिले जाते. मरण्यापूर्वी तो अमीर अलीला सांगतो, की तू माझा मुलगा नाहीस. अमीर अलीच्या कपाळावर डाग दिला जातो. नवरा कोण होता हे कळल्याच्या धक्क्याने अझीमा मरते. त्यानंतर वाचकाला कळते, की मध्यंतरी त्याने रुमाल टाकून मारलेली एक तरुण स्त्री त्याची सख्खी बहीण होती. अखेरीस इंग्रजांच्या हाती लागल्यावर तो साक्षीदार होतो आणि ज्याने त्याच्या आईला मारले त्या गणेशा ठगाला फासावर चढवतो. त्याच्या नावावरचे खून ७१९. मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, ही खंत.

सारांश वाचला की कथा भडक वाटते, आणि भडक ती आहेच. योगायोगांची रेलचेल आहे, प्रणयप्रसंग पुष्कळदा लांबतात, काही स्वाऱ्या एकमेकींसारख्या. तरी ती हातातून सुटत नाही. याचे कारण सांगण्याच्या तऱ्हेत आहे. ठगाचे काम दिवसेंदिवस चालते. सोठा वाटसरूशी ओळख काढतो, त्याच्या गावचे नाव घेतो, रस्त्यावर चोरांची भीती आहे म्हणतो, बरोबर चालू या म्हणतो. एकत्र जेवणे होतात, गाणी होतात. तीन-चार मुक्कामांनंतर वाटसरूला हे लोक घरच्यासारखे वाटू लागतात. टेलर हा सगळा काळ संथपणे भरत जातो आणि वाचकाला शेवट ठाऊक असतो. धास्ती पुढे काय होणार याची नसते. कधी होणार याची असते. एखादा गप्पिष्ट म्हातारा, एखादा भित्रा मुनशी वाचकाच्या मनात बसतो आणि मग कुणीतरी तंबाखू मागवतो.

प्रेमाचे प्रसंगही याच साच्यातून काढलेले आहेत. अमीर अली स्त्रियांना जिंकतो तो त्याच गोड वाणीने आणि त्याच सभ्य वागणुकीने, ज्यांच्या बळावर तो वाटसरूंना जिंकतो. अझीमावर त्याचे खरे प्रेम आहे, असे तो सांगतो. पण सांगणारा तोच. शर्फुन ही वाटेत भेटलेली श्रीमंत स्त्री त्याच्यावर भाळते आणि ठगांच्या हातून मरते. तिचे प्रकरण अझीमाच्या प्रकरणाशेजारी ठेवले की दोन्हींतला फरक पुसट होतो, आणि ही पुसटता टेलरला साधलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे. अमीर अली पश्चात्तापाने कधी रडतो, तर लगेच पुढच्या स्वारीच्या आठवणीने खुलतो. साहेब मधूनच दोन शब्द बोलतो, शहारतो आणि पुन्हा ऐकू लागतो. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या बोलण्यावर टांगलेला असतो. तो बोलतो तोवर उपयोगी, आणि उपयोगी तोवर जिवंत. अशा माणसाने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न टेलर उघडपणे विचारत नाही. पण ऐकणाऱ्याला खिळवून ठेवणे हाच ज्याचा पिढीजात धंदा, त्याच्या हाती त्याने अख्खी कादंबरी दिली आहे.

हा घाट टेलरने पहिल्यांदा वापरला असे नाही. इराणी लबाडाच्या तोंडून सांगितलेली जेम्स मोरियरची ‘हाजी बाबा ऑफ इस्पहान’ १८२४ मध्ये आली होती आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या विल्यम ब्राउन हॉकलीची ‘पांडुरंग हरी’ १८२६ मध्ये. दुसरी तर पेशवाईच्या उतरत्या काळातल्या एका मराठी माणसाची आत्मकथा म्हणून लिहिलेली आहे. तिच्या १८७३ च्या आवृत्तीला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची प्रस्तावना आहे. हॉकलीचा पांडुरंग सगळ्या मराठी मुलखाला लुच्चा ठरवण्यासाठीच जन्मलेला दिसतो. टेलरचा अमीर अली खुनी असूनही माणूस म्हणून त्याच्यापेक्षा कितीतरी भरीव आहे. हॉकलीने दुरून पाहिले आणि टेलरने जवळ बसून ऐकले, असे म्हणता येईल.

युरोपात पुस्तकाचे आणि स्लीमनच्या मोहिमेचे पडसाद लवकर उमटले. एजीन स्यू याच्या ‘भटका ज्यू’ या १८४४-४५ मध्ये क्रमशः आलेल्या फ्रेंच कादंबरीत फिरंगिया नावाचा गळे आवळणारा ठगच अवतरला. जबलपूरच्या साक्षीदाराचे नाव असे पंधरा वर्षांच्या आत पॅरिसच्या वर्तमानपत्रात जाऊन पोहोचले. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ १८६८ ची. निरनिराळ्या साक्षीदारांच्या कथनांतून उलगडत जाणारी ही रहस्यकथा श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीपासून सुरू होते. तिच्यावर टेलरचे थेट ऋण दाखवता येत नाही. पण जबानीतून रहस्यकथा उभी राहते आणि हिंदुस्तान हा तिचा दडलेला उगम असतो, या दोन्ही गोष्टी टेलरच्या पुस्तकात तीस वर्षे आधी होत्या. १८७० मध्ये डिकन्स मरण पावला आणि ‘एडविन ड्रूड’ ही त्याची कादंबरी अपुरी राहिली. तिच्यातला जॉन जास्पर हा गुप्तपणे ठगपंथी असावा आणि त्याने गळा आवळून खून केला असावा, असा तर्क हॉवर्ड डफील्ड याने १९३० मध्ये मांडला. गळ्याभोवतीचा काळा रुमाल एवढ्या दुव्यावर त्या तर्काचा बराच भार आहे. विसाव्या शतकात जॉन मास्टर्सची ‘द डिसीव्हर्स’ १९५२ मध्ये आली आणि १९८८ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात इंग्रज अधिकारीच ठगाचा वेष घेतो आणि अमीर अलीचे काम साहेबाकडे जाते.

आता मुख्य वाद. ठगी ही भवानीच्या नावाने चालणारी, देशभर पसरलेली, हजारो वर्षांची गुप्त धर्मसंस्था होती असे चित्र स्लीमनने रंगवले आणि टेलरने ते घरोघर पोहोचवले. स्लीमनचा नातू जेम्स स्लीमन याने १९३३ च्या पुस्तकाच्या नावातच दहा लाख खून घातले. हा आकडा मोजलेला नाही, गुणाकाराचा आहे. हिरालाल गुप्ता यांनी १९५९ मध्ये या चित्रावर शंका घेतली: कंपनीच्या राजवटीत रोजगार गेलेल्या लोकांची ही लुटारूगिरी होती आणि धर्म त्यात गौण होता. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये माळव्याच्या संदर्भात दाखवले, की लहान सरदार, जमीनदार आणि लुटारू टोळ्या यांचे एकमेकांवर पोट होते. इंग्रजांनी निरनिराळ्या टोळ्यांना एकाच नावाखाली गोळा केले. शिंदेशाहीत चंबळेकाठच्या गावांत ठगांच्या घरांवर कर बसवलेला होता. ज्यांच्यावर कर बसतो ती काही गुप्त संस्था नव्हे. राधिका सिंघा यांनी कायद्याच्या बाजूने विचार केला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला आणि त्याला जन्मठेप लावली. अमुक माणसाला अमुक दिवशी मारले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कायदा मागील काळालाही लागू होता आणि कंपनीच्या हद्दीबाहेरच्या कृत्यांनाही. किम वॅगनर यांचे २००७ चे पुस्तक मधली वाट घेते: ठग होते, त्यांनी माणसे मारली, त्यांची बोली आणि रीतिरिवाज होते; पण ते पोटासाठी, आश्रयदात्यांच्या छत्राखाली आणि हंगामी लष्करचाकरीच्या जोडीने. हिंदू आणि मुसलमान दोघेही एकाच टोळीत असत, हे स्लीमनच्या कागदांतच आहे. काही अभ्यासक ठगी ही निव्वळ साम्राज्याची कल्पनासृष्टी ठरवतात. सलोहद्याच्या आमराईत निघालेली प्रेते त्यांना अडचणीची आहेत. वॅगनर यांची बाजू अधिक पटणारी आहे.

या वादात टेलरची कादंबरी विचित्र जागी उभी आहे. जबान्यांतून ती निघाली आणि मग जबान्या कशा वाचाव्यात हे तीच ठरवू लागली. ‘रामसीआना’ फार थोड्यांनी वाचले. ठग म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो अमीर अली. वडील ठगाने मुलाला दीक्षा द्यावी आणि गुन्हा रक्तातून उतरावा ही कल्पना कादंबरीनेच लोकप्रिय केली. गंमत अशी, की अमीर अली जन्माने ठग नाहीच. तो पळवून आणलेला, वाढवलेला आणि शिकवलेला आहे. कथा एक सांगते आणि तिच्यावरून निघालेला समज भलताच. १८३७ मध्ये जबलपुरात साक्षीदार आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. तिथे डेरे आणि गालिचे तयार होत. साक्षीदारांची मुले कुंपणाच्या आतच ठेवण्यामागे रक्ताचीच भीती होती. ही विचारसरणी पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली आणि ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत लाखो लोकांच्या मानेवर बसली.

मराठी वाचकाला इथे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आठवल्याशिवाय राहत नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या, जन्मतःच चोर ठरवल्या गेलेल्या जमातीतल्या मुलाची ही आत्मकथा १९८७ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ आणि ‘उचल्या’ ही दोन्ही प्रथमपुरुषी कथने. एकात टेलर साहेबाच्या खुर्चीवर बसून ठगाचा आवाज लिहितो. दुसऱ्यात शिक्का बसलेल्या माणसाने लेखणी स्वतः धरली आहे आणि पलीकडे जबानी घेणारा कुणी नाही. ‘उचल्या’तही चोरीचे शिक्षण आहे, पण त्याआधी पानोपानी भूक आहे. टेलरच्या ठगांना भूक लागलेली फारशी दिसत नाही.

टेलरच्या पुढच्या लेखनाचा बराच भाग महाराष्ट्राशी बांधलेला आहे. १८४१ ते १८५३ तो सुरापूरच्या लहान राजाच्या वतीने संस्थानचा कारभार पाहत होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे दिला, तेव्हा तो तिथे डेप्युटी कमिशनर झाला; १८५७ मध्ये बदली बुलढाण्याकडे. १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या व्यास शास्त्र्यांची विधवा मुलगी. कथा अफजलखानाच्या स्वारीच्या काळातली, खलपुरुष मोरो त्रिमल आणि नायक खानाचा मुलगा फाजल. ब्राह्मण विधवा आणि खानाचा मुलगा यांचे लग्न लावण्याचे धाडस त्या काळच्या मराठी लेखकाने केले नसते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी त्याच सुमाराची, १८६१ ची, आणि तिथे पतिव्रतेची कसोटी हाच कथेचा कणा. तुळजापूरच्या देवळाची, गल्ल्यांची आणि मुरळ्यांची वर्णने टेलरने पाहून लिहिली आहेत. शिवाजी महाराजांचे चित्र मात्र त्याला पेलले नाही. ‘तारा’नंतर १७५७ वर ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि १८५७ वर ‘सीता’ (१८७२) अशी त्याने शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने त्रयी पुरी केली. ‘सीता’तही हिंदू विधवा आणि इंग्रज अधिकारी यांचे लग्न आहे. सीमा ओलांडणारी लग्ने हा विषय त्याच्या लेखनातून गेला नाही, घरातूनच तो आलेला होता. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मांतों येथे त्याचा मृत्यू झाला आणि आत्मचरित्र पुढच्या वर्षी निघाले. कलाकृती म्हणून ‘तारा’ अधिक रेखीव असली तरी वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातात धरली ती अमीर अलीची कथाच.

स्लीमन १८५६ मध्ये मायदेशी जाताना समुद्रातच वारला. ठगी आणि डकैती खाते १९०४ पर्यंत चालले, मग त्याचे केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खात्यात रूपांतर झाले. जबलपूर-कटनी रस्त्यावरच्या स्लीमनाबाद गावाचे आणि रेल्वे स्थानकाचे नाव तसेच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ठगाची व्याख्या कलम ३१० मध्ये आणि शिक्षा कलम ३११ मध्ये होती. स्वातंत्र्यानंतरही ती दोन्ही कलमे पुस्तकात पडून राहिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ती घेतलेली नाहीत.